ब्याऐंशी अंगरखे आणि एक व्याकरणाचा मास्तर

मुलांना धैर्य शिकवायचे म्हटले की आपल्याकडे मरण शिकवले जाते. इतिहासाच्या पुस्तकात तेच, शाळेच्या स्नेहसंमेलनात तेच, आणि ख्रिस्ती मंडळ्यांच्या शब्बाथशाळांतही तेच. सेवा हा निराळा धडा असतो. तो सहसा पुढच्या आठवड्याला येतो, आणि त्यात आजाऱ्याला फळे नेऊन देणारा एखादा गुणी मुलगा असतो. धैर्याच्या धड्यात सिंह आणि सेवेच्या धड्यात केळी! यांतला कोणता धडा मुलांना आवडतो हे वेगळे सांगायला नको.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली काही वर्षे मे महिन्यात आमच्या मंडळीच्या सुटीतील बायबलशाळेत नऊ ते तेरा वयाच्या मुलांचा वर्ग आमच्याकडे असतो. यंदा विषय ठरवून मिळाला होता : 'आद्य मंडळीतील सेवा आणि धैर्य'. विषयातल्या दोन्ही नामांपेक्षा आमचे लक्ष गेले ते मधल्या उभयान्वयी अव्ययाकडे. (भाषेच्या माणसांची ही खोड जात नाही.) हा 'आणि' दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवणारा आहे, की एकाच गोष्टीची दोन नावे जोडणारा? आठ दिवसांचा वर्ग आम्ही या एका प्रश्नाभोवती बेतला.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतले भांडण आले आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते आणि स्थानिक, हिब्रू बोलणाऱ्या विधवांना मात्र नीट मिळते, अशी ती तक्रार. मराठीत यासाठी 'पंक्तिप्रपंच' असा नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना डावे-उजवे करणे. हा शब्द आपल्या भाषेला मुद्दाम घडवावा लागला, यावरून आपल्या पंगतींचाही अंदाज यावा. असो. मंडळीने वाढप्यांचे काम सात जणांकडे सोपवले. फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव आणि स्तेफन ही सगळी नावे ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्यांची होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती पळी दिली गेली असावी. मंडळ्यांच्या कारभाराचा आमचा जो थोडाबहुत अनुभव आहे, त्यावरून सांगतो की हा निर्णय मुळीच सोपा नव्हता.

आणि या सातांतला पहिला, स्तेफन, पुढच्याच अध्यायात दगडांखाली मरतो. मुलांना स्तेफन ठाऊक असतो तो दगडमारामुळे. आदल्या अध्यायात तो कशासाठी निवडला गेला होता, असे विचारले तेव्हा एकाही मुलाला सांगता आले नाही. तो उपदेशकही होता हे खरे, आणि मरण आले ते उपदेशामुळे. पण मंडळीने त्याला निवडले होते विधवांना जेवण वाढायला. पहिला रक्तसाक्षी हा मुळात वाढपी होता, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून आम्ही पहिला दिवस संपवला.

'रक्तसाक्षी' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत या अर्थाचे दोन शब्द आहेत. 'हुतात्मा' या शब्दात यज्ञ आहे, आहुती आहे. वसईकडच्या ख्रिस्ती मराठीत रुळलेल्या 'रक्तसाक्षी'त रक्त आहे. मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस' याच्या पोटात मात्र यांपैकी काहीच नाही. त्याचा अर्थ केवळ साक्षीदार, कचेरीत उभा राहून आपण पाहिले ते सांगणारा. रक्त त्याला पुढे, इतिहासाने लावले. मुलांना धैर्य शिकवताना रक्ताआधीच्या त्या साक्षीदारापर्यंत जाता आले तर पाहावे, असे आमच्या मनात होते.

पण पर्पेतुआची गोष्ट टाळता येत नाही, आणि टाळूही नये. कार्थेज, ७ मार्च २०३. बावीस वर्षांच्या आसपासची, चांगल्या घरातली, शिकलेली स्त्री. कडेवर अंगावर पिणारे मूल. तिच्याबरोबर पकडलेल्यांत फेलिसिता नावाची गुलाम स्त्रीही होती, आठ महिन्यांची गरोदर. पर्पेतुआने तुरुंगात स्वतः लिहून ठेवलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचे इतके जुने लेखन फारच थोडे. म्हातारा बाप पुनःपुन्हा येऊन विनवतो, पाया पडतो, आणि तिला त्याचे दुःख कळते. कळूनही ती मागे येत नाही. मुलांनी अर्थातच सिंहाबद्दल विचारले. या दोघी स्त्रियांवर सिंह नव्हे, एक उधळलेली गाय सोडली होती, आणि शेवट तलवारीने झाला, असे सांगितल्यावर वर्गाचा थोडा विरस झाला.

मग पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, मग बाळाला दूध कोणी पाजलं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या रोजनिशीतच आहे, आणि आमच्या मते सबंध गोष्टीचा गाभाही तिथेच आहे. सुरुवातीला कैद्यांना अंधाऱ्या, कोंदट कोठडीत दाटीवाटीने कोंबले होते. तेव्हा मंडळीच्या तेर्तियस आणि पोम्पोनियस या दोन डीकनांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले आणि कैद्यांना दिवसातले काही तास तुरुंगातल्या बऱ्या जागी आणवले. तिथे पर्पेतुआने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजले. पुढे शिक्षा झाल्यावर बाळ मागायला तिने पोम्पोनियसलाच बापाकडे धाडले. बापाने दिले नाही. पण तोवर बाळाची अंगावर पिण्याची सवय सुटली होती, असे ती लिहिते. फेलिसिताला तुरुंगात मुलगी झाली, आणि मंडळीतल्या एका बाईने ती आपली म्हणून वाढवली. त्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

तेर्तियस आणि पोम्पोनियस यांची चित्रे आम्ही कुठल्या काचेच्या खिडकीत पाहिलेली नाहीत. ते मेले नाहीत, निदान त्या दिवशी तरी नाही. परंतु ज्या शहरात ख्रिस्ती म्हणून धरपकड चालू आहे, तिथल्या तुरुंगाच्या दाराशी जाऊन, आपण या कैद्यांचे कोण लागतो हे पहारेकऱ्याला कळू देऊन, पैसे मोजणे हे धैर्य नाही तर काय? त्यांच्या हातून घडले ते एवढेच की एका बाळाच्या पोटात दूध गेले. इथे 'आणि' हे अव्यय गळून पडते.

"पण लाच देणं पाप आहे ना, सर?" हा प्रश्न यायचाच होता. पर्पेतुआने त्या पैशांबद्दल लाजून लिहिलेले नाही, कृतज्ञतेने लिहिले आहे, एवढे आम्ही सांगितले. त्यावर मुलांत जो वाद झाला तो आम्ही मिटवला नाही. असे काही वाद मुलांनी घरी घेऊन जावेत.

चौथ्या दिवशी आम्ही वर्गात एक यादी नेली. सम्राट डायोक्लेशियनने इ.स. ३०३च्या प्रारंभी फर्मान काढले : ख्रिस्त्यांची प्रार्थनास्थळे पाडावीत, पवित्र ग्रंथ जाळावेत. १९ मे ३०३ या दिवशी उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता (आजचे अल्जीरियातील कॉन्स्टंटीन) येथे नगराचा अधिकारी फेलिक्स आपल्या कारकुनांसह मंडळीच्या घरावर जप्ती घेऊन गेला. सरकारी कामकाज, त्यामुळे पंचनामा चोख. सोन्याचे पेले २, चांदीचे पेले ६, असे करत करत कारकून खाली येतो : बायकांचे अंगरखे ८२, बायकांच्या ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषी जोडे १३, बायकांचे जोडे ४७.

मुलांना आम्ही एवढेच विचारले, की ही यादी पाहून त्या घरात काय चालत असेल ते सांगा. आधी कोणी म्हणाले, दुकान. मग कोणी म्हणाले, वसतिगृह. दहा मिनिटांनी एक मुलगा हळूच म्हणाला, "दुर्कसबाईचं घर." आदल्याच दिवशी यापो गावच्या टबीथा ऊर्फ दुर्कस हिची गोष्ट झाली होती. विधवांसाठी अंगरखे शिवणारी ही बाई मरण पावली, तेव्हा त्या विधवा रडत रडत तिने शिवलेले कपडे पेत्राला दाखवत होत्या. (ग्रीक नव्या करारात 'शिष्य' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप फक्त एकदाच येते, ते या शिवणाऱ्या बाईसाठी.) त्या मुलाने यापो आणि किर्ता यांच्यामधली जवळजवळ पावणेतीनशे वर्षे एका वाक्यात ओलांडली. हे कपडे गरिबांना वाटण्यासाठी साठवलेले असावेत, असाच अभ्यासकांचाही कयास आहे. रोमचा बिशप कर्नेलियस याने इ.स. २५१मधील एका पत्रात आपली मंडळी पंधराशेहून अधिक विधवा व गरजूंना पोसते असे लिहिले आहे. वाढप्यांची, म्हणजे डीकनांची, संख्या तिथेही सातच होती. पण आकड्याने जे कळत नाही ते बायकांच्या ४७ जोड जोड्यांनी कळते.

त्याच पंचनाम्यात धैर्य आहे, आणि त्याच्या शेजारी त्याचा अभावही. ग्रंथ कुठे आहेत, असे फेलिक्स विचारतो. ते वाचकांच्या घरी आहेत, असे उत्तर मिळते. वाचकांची नावे सांगायला कातुल्लिनस आणि मार्कुक्लियस हे दोन उपडीकन नकार देतात. आपण धरून देणारे नव्हे, असे म्हणतात आणि अटक होतात. बिशप पौलस मात्र समोर असून काही अडवत नाही. मग अधिकारी घरोघर फिरतात, आणि एकेक जण ग्रंथ आणून देतो. त्यांत व्हिक्टर नावाचा एक जण आहे. पेशा : लॅटिनचा व्याकरणशिक्षक. तो दोन ग्रंथ आणि काही सुटी पाने काढून देतो. अजून असतील, असे फेलिक्स म्हणतो. असते तर दिले असते, असे हा उत्तरतो. पुढे इ.स. ३२०मध्ये, छळ संपल्यावर, दुसऱ्याच एका भांडणाच्या चौकशीत या गृहस्थाला साक्षीला उभे केले गेले आणि तो जुना पंचनामा मोठ्याने वाचला गेला. म्हणून तर तो आपल्यापर्यंत पोहोचला.

ग्रंथ हवाली करणाऱ्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोर' म्हणत. पुढे त्यावरूनच विश्वासघातक्याला शब्द मिळाला. आणि त्याच क्रियापदापासून 'परंपरा' या अर्थाचा शब्दही निघाला; कारण हवाली करणे दोन्हीकडे आहे. पुस्तक पुढच्याच्या हाती देणे हा तर मास्तरचा धंदाच. हा भाग आम्ही मुलांना सांगितला नाही. तो आमच्यासाठी होता.

लॉरेन्सची गोष्ट आम्ही आवरती घेतली. मंडळीचा खजिना म्हणून शहरातले गरीब रांगेने उभे करणारा हा रोमचा डीकन इ.स. २५८मध्ये मारला गेला हे पक्के. बाकीची कथा बिशप अँब्रोज शंभराहून अधिक वर्षांनी सांगतो. तापल्या जाळीचा भाग मुलांना आधीच तोंडपाठ होता.

साथीच्या दिवशी मात्र वर्ग शांत होता. इ.स. २५०नंतर दहा-बारा वर्षे रोमन जगात एक भयंकर साथ फिरत होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याचे एक पत्र युसेबियसने आपल्या इतिहासात जपून ठेवले आहे. आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता मंडळीतले कितीतरी जण गेले, आणि हे मरण रक्तसाक्षीच्या मरणाहून उणे नाही, असा त्याचा आशय. इतरांनी आपल्या आजाऱ्यांना रस्त्यावर टाकले असेही तो लिहितो. तिथे तो आपल्या बाजूने बोलतो आहे हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे, आणि ते मुलांनाही सांगावे. एका मुलीने लगेच सावित्रीबाईंचे नाव घेतले. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मग २०२० आणि २०२१ची वर्षे निघाली. या मुलांना तेव्हा नीट काही कळत नव्हते. पण दारात डबा ठेवून, बेल वाजवून मागे सरकणारे शेजारी त्यांना आठवत होते. कोणत्या मजल्यावरचे कोण, हेसुद्धा.

सेवा करणाऱ्यांचा संघ झाला की त्याचे पुढे काय होते, हेही मोठ्या मुलांना थोडक्यात सांगितले. अलेक्झांड्रियात आजाऱ्यांच्या सेवेसाठी 'पाराबलानी' नावाचे पथक होते. जीव धोक्यात घालणारे, असा त्या नावाचा अर्थ लावतात. पाचव्या शतकात त्यांची इतकी दहशत बसली की इ.स. ४१६मध्ये सम्राटाला कायदा करून त्यांची संख्या ५००वर मर्यादित करावी लागली. सेवा सुटून नुसते धाडस उरले की असे होते काय, असे एकाने विचारले. बहुधा.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर नाटुकले करायची रीत आहे. समितीला सिंह हवे होते, पोशाखही भाड्याने मिळत होते. मुलांनी किर्ताची जप्ती निवडली. चर्चमधल्या कपाटातून आणि घराघरांतून जुने कपडे आणले, जोडे आणले. बायकांचे सत्तेचाळीस जोड भरेनात, तेव्हा शेजारपाजारच्या चपला उचलून आणल्या आणि त्या परत करताना चांगलाच गोंधळ झाला. कारकून होण्यासाठी चुरस होती, कारण त्याला मोठ्याने मोजायचे होते. उपडीकनांच्या कामासाठी पाच जण पुढे आले. व्हिक्टर व्हायला मात्र एकही मुलगा तयार होईना. तेव्हा आमच्यापैकी एकाने ते काम केले.