नाव तसंच राहू देऊ नकोस

सदाशिव पेठ, पुणे

चिऊ,

तुझी मेल वाचल्यापासून कशात लक्ष लागत नाहीये. ‘मावशी, नाव राहू दे तसंच. पासपोर्टची मुदत संपत आलीय, आईच्या ऑपरेशनला यायचंय, कुणाशी हुज्जत घालायची आता ताकद नाही. कागद कुठले लागतात तेवढं सांग.’ कागदांचं सांगते, पण आधी त्या ‘राहू दे’चं बोलू. तुझं हे लहानपणापासूनचं आहे. भोंडल्याची खिरापत तुझ्यापर्यंत येईतो संपली तरी राहू दे, आणि डिसेंबरात घटस्फोटाचे कागद आले तरी फोनवर पुन्हा तेच. प्रत्येक वेळी मी गप्प बसले. या वेळी बसणार नाही, राग आला तरी चालेल.

पासपोर्ट दहा वर्षांचा निघतो. ज्या माणसाने समोर बसून बोलायचं सोडून वकिलाकरवी कागद धाडले, त्याचं नाव तू आणखी दहा वर्षं वागवणार? आणि नुसतं आडनाव असतं तरी एक वेळ समजले असते. आपल्या मराठी मुलींचं मधलं नावही लग्नात जातं. बापाचं नाव निघतं, नवऱ्याचं येतं, आणि पासपोर्टवर ते तुझ्या नावाला चिकटून ‘गिव्हन नेम’ म्हणून छापलं जातं. तूच सांगितलं होतंस, तुमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी बॅजवर तुझ्या नावाशेजारी त्याचं नाव आलं आणि सगळे तुला तसंच पुकारायला लागले. तेव्हा तू हसून सांगितलंस. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

वकीलसाहेबांकडे मी टायपिंगला होते, तेव्हा अर्जाच्या मथळ्यात पुन्हा पुन्हा ‘माहेरचे नाव’, ‘सासरचे नाव’, ‘उर्फ’ टाइप करावं लागे. पुरुषाच्या नावापुढे ‘उर्फ’ क्वचितच यायचं. बाईच्या नावापुढे मात्र कायमचं, आणि त्या एका ‘उर्फ’साठी तिला शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पुन्हा प्रतिज्ञापत्र अशा फेऱ्या. वारसाहक्काच्या जमिनीत हिस्सा मागायला आलेल्या बायकांना आधी हे सिद्ध करावं लागे की सातबाऱ्यावरची मुलगी ती मीच. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून रडताना पाहिल्यात मी त्या. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जन्माला येताना जे नाव मिळालं ते बाईने शेवटपर्यंत सोडू नये. तुझ्या लग्नातही मी हे बोलले होते. तुझं नवं नाव लिहायला तबकात तांदूळ पसरून झाले होते, नवऱ्यामुलाच्या हातात अंगठी होती, आणि तुझ्या आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की ताईने मला आत नेलं.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. आनंदीबाई जोशी जन्मल्या तेव्हा यमुना होत्या. रमाबाई रानडेही यमुनाच. लग्न झालं आणि दोन्ही यमुना गेल्या. आनंदीबाई १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाली, १८८७ च्या फेब्रुवारीत इथे पुण्यात वारली. तिच्या अस्थी तुमच्याकडे न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आहेत, आणि तिथल्या दगडावर नाव आहे ते नवऱ्याने ठेवलेलं. गोपाळरावांनी तिला शिकवलं, हे मी कधी नाकारणार नाही. पण एवढ्या मोठ्या बाईच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव लोकांना मुद्दाम सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. एखाद्या रविवारी जमलं तर जाऊन ये तिथे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम बरेच सोपे केले. घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या अर्जदाराने जोडीदाराचं नाव लिहायची सक्ती राहिली नाही, त्यासाठी हुकूमनामाही जोडावा लागत नाही. म्हणजे शेवटच्या पानावरून तो सहज जाईल. पण तुझ्या स्वतःच्या नावातून तो असा जात नाही. नाव बदलायचं म्हटलं की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सर्टिफाईड कॉपी मागतात. वकिलाने मेलवर पाठवलेली पीडीएफ चालायची नाही, कोर्टाच्या शिक्क्याची प्रत काढ. आणि त्या निकालात तुला पूर्वीचं नाव लावायची परवानगी दिल्याची ओळ आहे का, ते बघ. न्यू जर्सीचं कोर्ट मागितली तर ती देतं. मागितली होती का कुणी तुझ्या वतीने? नसेल तर तिथल्या वकिलाला विचारून आत्ताच अर्ज कर. एक प्रत अपोस्टील करून (परदेशात चालेल असं सरकारी प्रमाणन घेऊन) ठेव, इथल्या कोर्टात ती लागेल.

का लागेल, ते नीट वाच. यानेच माझी झोप उडाली आहे. तुझं लग्न पुण्यात झालं, नोंदणी इथे झाली, म्हणजे ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालचं. न्यू जर्सीत ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ एवढ्यावर घटस्फोट मिळतो, २००७ पासून. आपल्या कायद्यात क्रूरता आहे, सोडून जाणं आहे, तेरा-ब कलमात परस्पर संमती आहे. पण ‘पटत नाही’ हे एकट्याच्या तोंडचं कारण नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वाय. नरसिंह रावांचा खटला आला होता. लग्न तिरुपतीला लागलेलं, घटस्फोट नवऱ्याने मिसूरीच्या कोर्टातून आणलेला. तो घटस्फोट इथे मानला गेला नाही. न्यायालयाने सांगितलं की ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्यातलं कारण हवं, आणि दुसऱ्या बाजूने त्या कोर्टात स्वतःहून हजर होऊन बाजू मांडलेली हवी, किंवा घटस्फोटाला संमती दिलेली हवी. नुसती नोटीस पोचली म्हणजे संमती झाली, असं होत नाही.

म्हणून विचारते, चिऊ. तू लिहिलंस, ‘त्याने पाठवलेल्या कागदांवर सही करून टाकली.’ कशावर केलीस? कागद मिळाले याची पोच होती, की घटस्फोट मान्य आहे असं लिहिलेलं होतं? तुझ्या बाजूने वकील उभा राहिला का? संमती असेल तर बरंच निभावेल. नसेल तर तिकडे तू मोकळी आणि इकडे कागदोपत्री त्याची बायको, अशी अवस्था होते. उद्या तुला पुन्हा संसार करावासा वाटला (वाटू दे, मी ताईसारखी कानावर हात ठेवणार नाही), तर पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं म्हणून इथे तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं ८२ वं कलम आहे ते. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, हेही डोक्यात ठेव. शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात तुमच्या नात्याची कायदेशीर स्थिती ठरवून घेता येते. किंवा तो तयार असेल तर दोघांनी मिळून इथेच तेरा-ब खाली अर्ज करावा. सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते, २०१७ पासून. पण तो तयार होईल का? तू म्हणतेस, फोन उचलत नाही.

कुणी म्हणेल ‘गॅझेट करून टाका, काम होतं’. सरकारच्या फोटोझिंको छापखान्यात जाऊन फॉर्म भरायचे दिवस गेले, आता ते ऑनलाइन झालंय, आणि एजंट लोक सगळ्याला गॅझेटच सांगतात. पण गॅझेटने नाव बदलतं, लग्न मोडत नाही. शिवाय दिल्लीत एका बाईंना गॅझेटमध्ये माहेरचं आडनाव परत घ्यायचं होतं, तर केंद्राचा नियम असा निघाला की घटस्फोटाचा हुकूम आणा, नाहीतर नवऱ्याचं ना हरकत पत्र. त्या २०२४ मध्ये उच्च न्यायालयात गेल्या. स्वतःचं जन्मनाव घ्यायला नवऱ्याची हरकत नाही ना, हे विचारायचं! मी ते वाचून पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही सुचेना.

तुझ्याबरोबर राहणाऱ्या त्या फिलिपिनो नर्सबाईंचं तू सांगितलंस तेव्हापासून मी त्यांच्याकडचंही वाचते आहे. त्यांची अडचण तुझ्याहून मोठी. मुसलमानांचा वेगळा कायदा सोडला तर त्यांच्या देशात घटस्फोटच नाही. नवरा परदेशी नागरिक असेल तरच अमेरिकेत मिळालेला घटस्फोट मायदेशातल्या कोर्टाकडून मान्य करून घेता येतो, आणि अर्ज फिलिपिनो बायकोने स्वतः केला असला तरी चालेल, हे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. २०१० मध्ये याच न्यायालयाने एका बाईला, पासपोर्टवर एकदा नवऱ्याचं आडनाव लावलंस आणि लग्न टिकून आहे, म्हणून माहेरचं परत मिळणार नाही, असं सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये तिथे पासपोर्टचा नवा कायदा आला. आता विवाहित बाईला एकदा माहेरच्या नावावर परत येता येतं. त्यांना हे माहीत आहे का, विचार. नसेल तर आजच सांग.

आणि त्याच मार्चमध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने काय केलं? १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा निर्णय घेतला. फार चांगलं केलं, मला खरंच आनंद झाला. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, मग पतीचं नाव, मग आडनाव ही पद्धत चालू ठेवली. आईचं नाव मुलाच्या नावात येईल, पण तिच्या स्वतःच्या नावात बाप नाही, आई नाही, फक्त नवरा. हे मी नगरसेविकाबाईंना लिहून दिलं आहे, आमदारांनाही देणार आहे.

तू स्वतःच्या एच-वन व्हिसावर आहेस हे एक बरं. नवऱ्याच्या आधाराने मिळणाऱ्या एच-फोरवर असतीस तर निकालाच्या दिवशी तिथे राहण्याचा आधारच गेला असता. नवा पासपोर्ट नव्या नावाने आला तर जुना फेकू नकोस. रद्दचा शिक्का मारून परत देतात, आणि चालू व्हिसा त्यातच असतो. प्रवासात दोन्ही बरोबर ठेव, हुकूमनाम्याची प्रतही. तिकीट मात्र नव्या पासपोर्टवरच्या नावानेच काढ. ऑफिसातल्या इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचार, माझ्या भरवशावर राहू नकोस.

ऑपरेशनच्या तारखेपर्यंत हे सगळं होईल का, याची मला धास्ती आहे. वेळ नाहीच उरला तर जुन्या नावाच्या चालू पासपोर्टवर ये, मुदत किती शिल्लक आहे ते कळव. पण पुढच्या दहा वर्षांच्या पासपोर्टवर त्याचं नाव येता कामा नये, एवढं माझं ऐक. ताईला तू अजून सांगितलं नाहीस. ती रोज विचारते, जावईबापू येणार ना बरोबर? मी विषय बदलते. भूल द्यायच्या आधी तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? तूच सांग तिला, फोनवर का होईना, येत्या रविवारपर्यंत. नाहीतर मी सांगेन.

सही केलेल्या कागदांचे सगळ्या पानांचे फोटो आजच पाठव. आपल्या वाड्यातल्या वकीलबाईंना मी थांबवून ठेवलं आहे.

तुझी मावशी