बारा फोटोंचा रोल

आमचं गाव नाणे मावळातलं, कामशेतपासून आत. दहावी झाल्यावर शेतीवर सगळ्यांचं भागंना, म्हणून लग्नसराईत मी लोणावळ्याला एका फोटोवाल्याकडं जात असे. काम म्हणजे फ्लॅशचा दांडा धरून उभं राहायचं, बॅग सांभाळायची आणि रात्री धुतलेले फोटो दोरीवर वाळत घालायचे. मालकांकडं याशिका मॅट १२४ जी होता. पुढं एकाखाली एक दोन भिंगं, कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. त्या काळी लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडं हा कॅमेरा सर्रास दिसायचा. पाच लग्नसराया मी तो वाहिला, पण चाप एकदाही दाबला नाही. रोलात फोटोच बारा. मालक म्हणायचे, "रोल काय भाताच्या भावानं मिळतो का, गड्या?"

परवाच्या वर्षी पुतण्यानं पॉवर टिलर आणला आणि घरातले बैल विकायचं ठरलं. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, जन्म बैलांमागं काढला. तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, बैल जायच्या आधी त्यांचा आणि दादाचा एक फोटो भिंतीवर लागावा. नातवाच्या मोबाइलमध्ये बैलांचे पन्नास फोटो होते, नाही असं नाही. पण आमच्या भिंतीवरचे आई-वडलांचे फोटो त्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातले. चाळीस वर्षं धूर खाऊन अजून चेहरे ओळखू येतात. आणि खरं सांगायचं तर चाप दाबायची हौस राहून गेली होती.

इंद्रायणी तांदळाचे पैसे आले होते. आमची ही म्हणाली, "म्हातारचळ लागलाय तुम्हाला." मी सकाळची सिंहगड एक्सप्रेस धरली आणि मुंबईला फोर्टात बोरा बाजाराची गल्ली गाठली.

बैल घेताना आपण दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटांनी भाव करतो. कॅमेऱ्याचंही तसंच. हा १२४ जी जपानात १९७० पासून १९८६ पर्यंत बनला. म्हणजे सगळ्यात तरणा म्हटला तरी चाळिशीला टेकलेला. पहिला दाखवला तो वरून नवरीसारखा. मागचं दार उघडून भिंगातून बॅटरी मारली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! लोणावळ्याच्या पावसात आमच्या चपलांना बुरशी येते, ती मी ओळखणार नाही? दुसरा बाहेरून खरचटलेला होता, पण भिंग स्वच्छ. शटर एक सेकंदावर लावून कानाशी धरला. आतल्या चाकाचा आवाज न अडखळता 'टर्र' गेला. तेल सुकलेलं असलं की तिथंच रडतं. उजेड मोजायचा काटा मेलेला होता. त्याला पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. त्यावर मी भाव पाडला आणि पंधरा हजारात सौदा झाला. दुकानदारानं जाताना बजावलं, "काका, सेल्फ टायमरच्या कळीला हात लावू नका. अडकली तर सगळा खोलावा लागेल."

काटा नव्हता त्याचं मला काही वाटलं नाही. मालकांचा हिशेब पाठ होता. ४०० चा रोल असेल तर शटर पाचशेवर ठेवायचं आणि आभाळाकडं बघायचं. कडक उन्हात सोळा, पातळ ढगात अकरा, दाट ढगात आठ, पावसाच्या काळोखीत पाच पॉइंट सहा. आभाळ बघायला आम्हाला कुणी शिकवायला नको.

रोल तेवढा महाग. मालकांकडं उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल असायचा, ती कंपनी आता बंद झाली. परदेशी काळा-पांढरा रोल आणि पुण्यात तो धुण्याचा खर्च धरला, तर एका दाबण्याला शंभरावर रुपये जातात. म्हणून मी एकच रोल घेतला.

जुलैत चिखलणीला सुरुवात झाली. बांधावर उभा राहून पहिले दहा फोटो हात बसावा म्हणून काढले. विहीर, म्हैस, नातू. काचेत डाव्याचं उजवं दिसतं. बैल डावीकडं वळले की काचेत उजवीकडं जातात, मी कॅमेरा उलटा फिरवायचो आणि खाचर रिकामं! नातू म्हणाला, "आबा, फोटो दिसंना की, कुठं गेला?" म्हटलं, "आत हाये. दिसंल."

शेवटचे दोन दादासाठी राखले होते. पावसानं उघडीप दिली. दादा आऊत थांबवून, बैलांच्या मधोमध जुवावर हात ठेवून उभा राहिला. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं नाही, काही नाही. अकरावा काढला. दादा खळ्ळकन हसला, तेव्हा बारावा.

मग मी माती खाल्ली. बारा झाल्यावर हँडल फिरवत राहायचं, मागचा कागद सगळा गुंडाळला गेला की सावलीत दार उघडायचं. मालक मांडवाच्या कोपऱ्यात, उजेडाकडं पाठ करून रोल बदलायचे, हे मी शेकडो वेळा बघितलेलं. पण बघितलेलं आणि केलेलं यात फरक असतो. आनंदाच्या भरात तिथंच बांधावर दार उघडलं, रोल सुटंना म्हणून कागद ओढला, तर खाली फिकट फिल्म. काळजात चर्र झालं. पटकन दार लावलं, हँडल फिरवलं आणि मनाला समजावलं, एवढ्यानं काय होतंय.

रोल पुण्याला गेला. आवणी उरकली आणि आठ दिवसांत मुळशीकडचा एक शेतकरी बैल घेऊन गेला. त्यानंतर फिल्म धुऊन आली. विहीर, म्हैस, नातू, सगळे स्वच्छ, कारण ते आतल्या वेढ्यांत कागदाखाली होते. दहावा निम्मा जळलेला. अकरावा आणि बारावा, उजेडात पट्टी धरली तर नुसत्या काळ्या.

दादाला सांगायला दोन दिवस लागले. ऐकून म्हणाला, "बैलांनी उभं ऱ्हायचं काम केलं. चुकला तो तू."

पावसाळाभर कॅमेरा स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवला. चामड्याच्या पेटीत ठेवला तर ओल धरते. दर आठ दिवसांनी काढून हँडल फिरवायचं, चाप दाबायचा. रोल घालायची मात्र इच्छा होईना.

दिवाळीच्या आधी एका सकाळी गोठ्यात गेलो. दादा रिकाम्या दावणीपाशी बसून जू पुसत होता. तेल लावलं, शिवळा पुसून एका दोरीत ओवल्या. आता ते सगळं आढ्याला टांगायचं होतं. मी घरात गेलो, अंधाऱ्या कोपऱ्यात नवा रोल भरला आणि परत आलो. गोठ्यात उजेड कमी, भिंग पूर्ण उघडून शटर तिसावर घ्यावं लागलं. हात हलू नये म्हणून कॅमेरा गव्हाणीच्या कडेवर टेकवला. दादाला उभा राहा म्हटलं नाही, इकडं बघ म्हटलं नाही. तासाभरात चार दाबले. उरलेले आठ पुढं महिनाभर जपून काढले आणि रोल माजघरात, दार लावून बदलला.

मोठा फोटो करून आणला तो दादाच्या हातात दिला. जू मांडीवर, मान खाली, हातावरच्या शिरा दिसतायत, मागं रिकामी दावण. दादानं तो उजेडाला धरून बराच वेळ बघितला. मी वाट बघत होतो.

"यात नवीन रोल घातलाय का?" त्यानं विचारलं.

"घातलाय की. बारा हायेत."

"मग एक तुझ्या वहिनीचा काढ. तिचा एकटीचा भिंतीवर लावण्याजोगा एकबी नाय." फोटो माझ्या हातात देत म्हणाला, "आन् रोल सावलीत बदल."