खोडदच्या जाळीमागचा माणूस

कुरुळी, ता. खेड, जि. पुणे
१ मार्च

चि. समीर यास,

तुझं पत्र पोचलं. संगमनेरहून चाकणला ड्यूटीवर यायचं म्हणजे काय, हे नाशिक हायवेवर राहणाऱ्याला सांगायला नको. तळेगाव चौकात कंपन्यांच्या बस कशा तुंबतात, ते आम्ही रोज बघतो. पुणे-नाशिक रेल्वेची वाट तुझ्याइतकीच कुरुळी, चिंबळी, निघोजेची माणसंही बघतायत. तिचा आधी आखलेला मार्ग जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीजवळून जात होता म्हणून तो बदलायचं ठरलं, आणि तू चिडून विचारलंस, ‘जाळीच्या त्या ताटल्यांसाठी आमची गाडी अडवायची? एवढा कोण मोठा माणूस होता तो?’ तुझा राग मला समजतो. पण विचारलंच आहेस, तर उत्तरही नीट ऐकून घे.

त्यांचं नाव गोविंद स्वरूप. जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचा. अलाहाबादला एमएस्सी केल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली लागले आणि तिथून ऑस्ट्रेलियाला गेले. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडायचं शास्त्र तेव्हा अगदी नवं होतं. तिथे वापरून झालेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ लहान डिश मोडीत निघणार होत्या. त्या भारताला मिळाव्यात म्हणून स्वरूप यांनी खटपट केली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला पीएचडी झाली आणि तिथे चांगली नोकरीही मिळाली. पण १९६१ मध्ये परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून मायदेशी पत्रं पाठवली, की आम्हाला परत येऊन काम उभं करायचं आहे. त्या चौघांत स्वरूप होते. होमी भाभांनी लगेच होकार कळवला आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या त्याच डिश त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्याचा अभ्यास सुरू केला.

मी आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये काढलं. त्यामुळे या माणसाचं मोठेपण मला कळलं ते त्यांनी बांधलेल्या दोन दुर्बिणींवरून. पहिली उटीची, १९७० ची. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तारा आकाशात सरकतो, त्याच्या मागे एवढं धूड फिरवायचं कसं? स्वरूप यांनी यंत्राआधी जागा निवडली. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश. तिथे दक्षिणोत्तर जाणारा, तितक्याच उताराचा डोंगर त्यांनी शोधून काढला आणि दुर्बीण त्या उतारावर लांबीने मांडली. त्यामुळे तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता तिला एकाच आसाभोवती फिरवलं की ताऱ्याचा माग कित्येक तास सुटत नाही. लाखो रुपयांची यंत्रणा त्या डोंगराच्या उताराने वाचवली.

दुसरी दुर्बीण खोडदची, म्हणजे जीएमआरटी. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. पत्र्याची भरीव डिश एवढी मोठी केली असती, तर जुन्नरचा वारा तिने अंगावर घेतला असता. तो सोसायला सांगाडा जड, मग पाया जड, मोटारी मोठ्या, आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेर. स्वरूप यांनी उलट बाजूने विचार केला. ज्या लहरी पकडायच्या, त्यांची लांबी २१ सेंटिमीटर आणि त्याहून मोठी. मग भरीव पत्रा हवा कशाला? एक-दोन सेंटिमीटरची भोकं असलेली जाळीही त्या लहरींना आरशासारखी परतवते, आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. म्हणून नळ्यांच्या १६ कमानी केल्या, त्यांच्यामध्ये स्टीलचे दोर ताणले आणि त्यांवर ०.५५ मिलिमीटर तारेची स्टेनलेस स्टीलची जाळी बांधली. जाळीची भोकं मधोमध १० मिलिमीटरची, कडेला २० ची. जिथे जेवढी गरज, तिथे तेवढीच तार. आपल्या धंद्यात याला हुशारी म्हणतात, समीर. मटेरियल वाचवायचं, पण काम तसूभरही कमी होऊ द्यायचं नाही.

या ३० पैकी १४ डिश खोडदजवळ एका ठिकाणी आहेत. बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोघींत २५ किलोमीटरचं अंतर. ऑप्टिकल फायबरने सगळ्यांचे संकेत एकत्र येतात, आणि बारकावे टिपायच्या बाबतीत ती २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण होते. म्हणून ‘दुर्बीण खोडदला आहे’ एवढं म्हणून भागत नाही. ती आजूबाजूच्या बऱ्याच गावांच्या शिवारात आहे.

आता रेल्वेचं. दुरून आलेल्या या लहरी इतक्या क्षीण असतात की आपल्या प्रेसशॉपमध्ये सगळ्या प्रेस चालू असताना कोपऱ्यात कोणी कुजबुजावं, तसं ते ऐकणं आहे. विजेवरच्या गाडीचा पेंटोग्राफ वरच्या तारेला घासतो तेव्हा ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओचा गोंगाट करते. खोडद निवडलं गेलं ते तिथल्या शांततेसाठी. मोठी शहरं लांब आणि आडोशाला डोंगर. शिवाय १९ अंश अक्षांशावरून उत्तरेबरोबर दक्षिणेचंही बरंचसं आकाश दिसतं. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि एकदा गेलेली शांतता परत आणता येत नाही.

त्या शांततेत काय ऐकू आलं, तेही सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा संकेत खोडदने पकडला. यान उतरण्याच्या थोडं आधी तो तुटला, हेही इथेच कळलं. २०२३ मध्ये एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर इथे टिपली गेली. त्याच वर्षी विश्वात मंद लाटांसारख्या पसरलेल्या गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगापुढे आला, त्यात खोडदच्या नोंदी होत्या. जगभरचे शास्त्रज्ञ इथे निरीक्षणासाठी वेळ मागतात. हे आपल्याच पुणे जिल्ह्यात, कांद्या-टोमॅटोच्या रानात घडतंय.

स्वरूप दुर्बिणी बांधून थांबले नाहीत. विज्ञानाकडे येणाऱ्या मुलांना पदवीपासूनच संशोधनाची सवय लागावी म्हणून पुण्याच्या वि. गो. भिडे यांच्यासोबत त्यांनी पाठपुरावा केला. आयसर संस्थांची कल्पना त्यातून वाढली आणि पुण्याचं आयसर २००६ मध्ये सुरू झालं. उटीची आणि खोडदची दुर्बीण बांधताना त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आजही हे शास्त्र पुढे नेतायत. ७ सप्टेंबर २०२० ला, ९१ व्या वर्षी, ते पुण्यात गेले. कोविडचे दिवस होते. आपल्या भागात फार थोड्यांना पत्ता लागला.

तुझ्या गाडीचा प्रश्न त्यामुळे संपत नाही, हे मला मान्य आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगावच्या माणसांना रेल्वे मिळालीच पाहिजे, आणि ती मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण मागणी अशी करू: दुर्बिणीपासून लांबून जाणारा, आणि तरीही या पट्ट्याला धरून राहणारा मार्ग शोधा. डोंगराच्या उतारावर दुर्बीण बसवणारा आणि जाळीने वारा चुकवणारा माणूस याच देशाने घडवला. रेल्वेच्या इंजिनिअरांकडून तेवढ्याच बुद्धीची अपेक्षा आपण धरली, तर त्यात काही वावगं नाही. रेल्वेच्या मागणीच्या निवेदनावर सही करशील तेव्हा एवढं एक वाक्य त्यात घालायला लाव. ‘दुर्बीण हटवा’ असं कोणी लिहिलं असेल, तर तिथे सही करू नकोस.

आणि पुढच्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सुट्टी टाक. त्या दिवसांत खोडदला सगळ्यांसाठी दार उघडं असतं आणि आसपासच्या शाळांची हजारो मुलं तिथे येतात. आपण दोघं जाऊ.

तुझा,
मामा