काळा दोरा

इ. स. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडथोडे चित्रण करून त्या रोपाची सारी वाढ मिनिटाभरात पडद्यावर दाखविली. या लहानशा चित्राने त्यांस भांडवल मिळविण्यास साहाय्य केले व पुढील वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, ही हकीकत वाचकांस विदित असेलच. कॅमेरा विलायतेहून आणलेला होता खरा; परंतु चमत्कार होता तो कुंडीतला.

फाळक्यांचे स्मरण होण्यास कारण असे, की पनवेल येथील आमच्या परिचयाच्या चार तरुणांनी बारा मिनिटांचा एक विज्ञानपट करावयास घेतला. निर्जन ग्रहावर एक यान उतरते, एवढेच कथानक. भांडवल आठ हजार रुपये. ग्रहाची भूमी सिद्ध झाली ती खडीच्या क्रशरवरून आणलेल्या राखाडी कचेची. ती पिठाच्या चाळणीतून तीनदा चाळावी लागली, कारण वीतभर यानाशेजारी हरभऱ्याएवढा खडाही दरडीसारखा दिसतो. (चाळणी आमच्याच स्वयंपाकघरातली, त्याविषयी घरच्या मंडळींचे मत येथे देत नाही.) ढगांसाठी माशांच्या काचपेटीत तळाशी मिठाचे दाट पाणी, वर हलक्या हाताने सोडलेले गोडे पाणी, आणि दोहोंच्या संधीवर पिचकारीने सोडलेले दूध. गोड्या पाण्याहून जड व त्या खाऱ्याहून हलके असल्याने ते मध्येच अडते आणि फुगत फुगत पसरते. डग्लस ट्रंबुल यांनी १९७७ सालच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ मधील मेघ याच रीतीने, पांढरा रंग सोडून, उठविले होते.

सर्वांत अवघड गोष्ट वजनाची. लहान वस्तू पडावयास वेळ थोडा लागतो, म्हणून डोळ्यास ती तत्काळ खेळणे वाटते. पंचवीसपट उंचीवरून पडावयास वेळ पाचपट लागतो. यास्तव पंचविसाव्या हिश्श्याचे यान सेकंदास २४ ऐवजी १२० चित्रे घेऊन टिपावे आणि नेहमीच्या वेगाने दाखवावे, म्हणजे ते जड होऊन उतरते. हल्ली हे काम खिशातला फोन करतो.

यान तयार केले ते चौघांपैकी पेणच्या गणपती कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने. साचा काढणे, प्लास्टर ओतणे, पॉलिश कागदाने घासणे ही त्याची रोजचीच कामे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या त्याच कुंचल्याने त्याने यानावरचे गंज आणि ओरखडे रेखले. ते टांगले चार काळ्या दोऱ्यांनी, काळ्या पडद्यापुढे. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ मध्ये अदृश्य माणसाच्या हातच्या वस्तू बाबूभाई मिस्त्री यांनी अशाच हलविल्या होत्या आणि त्यामुळे ‘काला धागा’ हे नाव त्यांस चिकटले.

येथे वाद उत्पन्न झाला. दोन दोरे प्रकाशात चमकले. एकाने सुचविले, की दोरे पुसण्यापेक्षा सबंध यानच संगणकाकडून करवून घ्यावे. दोन दिवसांचे काम, शिवाय झळाळी अधिक. सूचना व्यवहार्य होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तसे झाल्यावर पेणच्या मुलाचे त्या चित्रपटात काय उरले असते? दीड महिना रात्री जागून केलेले यान फळीवर, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव ‘साहाय्य’ या सदराखाली. वाटाण्याच्या रोपास वाढावयास लागलेले दिवस खरोखरीचे होते आणि प्रेक्षकास ते कोठे तरी जाणवले असले पाहिजेत, असा आमचा तरी ग्रह आहे. आम्ही तो तेथे बोलूनही दाखविला.

तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, दोरे पुसू दे त्यांना. पण उतरताना ते जरा झुलतं ना, त्याला हात लावायचा नाही.”

दोरे अर्ध्या दिवसात पुसले गेले. झोका तसाच राहिला. भाद्रपद तोंडावर आला होता, म्हणून तो मुलगा त्याच संध्याकाळच्या एस्. टी. ने पेणेस परतला.