मला आवडतं, मला आवडतात

स्पेनमधल्या सालामान्कात माझं मास्टर्स इंग्रजीतून होतं, घरात दोघी भारतीय मैत्रिणी होत्या आणि सुपरमार्केटात सामान स्वतःच स्कॅन करता यायचं. त्यामुळे पहिलं सत्र मी स्पॅनिशशिवाय काढलं. या गावाचं विद्यापीठ १२१८ सालचं. स्पॅनिश शिकायला तिथे जगभरातून मुलं येतात आणि मी तिथे राहून तीच भाषा टाळत होते, याची आजही खंत वाटते.

दुसऱ्या सत्रात संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. आधी पातळी ठरवायची चाचणी होती, पर्यायी उत्तरांची. ॲपवर घोकलेले शब्द होतेच, शिवाय इंग्रजीशी जुळणारा शब्द दिसला की उत्तर ताडता यायचं. मी ताडत गेले आणि ए१ या पहिल्या पातळीऐवजी तिच्या वरच्या ए२च्या वर्गात जागा मिळाली. केवढी खूश झाले होते! त्या चाचणीत एकही वाक्य बोलावं लागलं नव्हतं, हे मनातही आलं नाही.

तिथे सुरुवातीलाच भूतकाळाची दोन रूपं आली. माझा वर्तमानकाळ अजून धड नव्हता. बाई काही विचारायच्या, मी मान डोलवायची. फळ्यावरचं सगळं वहीत उतरवायचं आणि घरी येऊन शेजारी इंग्रजी अर्थ लिहायचा, हाच माझा अभ्यास. बरेच आठवडे असे गेल्यावर बाईंनी तासानंतर थांबवलं आणि खालच्या वर्गात जायला सांगितलं. मला ते फार लागलं. पण त्यांना आधी कळणार तरी कसं? मी तोंडच उघडलं नव्हतं.

ए१मध्ये 'गुस्तार' आलं, म्हणजे आवडणं. 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. मसूर आवडत असतील तर 'मे गुस्तान लास लेन्तेखास', कारण मसूर अनेकवचनी. वर्गातली अमेरिकन मुलं गोंधळली आणि त्यांच्याबरोबर मीही. मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायचं, त्यातल्या 'मी'ला कर्ता करायचं आणि 'यो गुस्तो' म्हणायचं, असं चाललं होतं. माझ्या वहीत पानोपानी 'यो गुस्तो' लाल शाईने खोडलेलं आहे.

त्याच सुमारास आईने फोनवर विचारलं, "तिकडचं खाणं आवडतं का गं?" मी म्हटलं, "बटाट्याचं ऑम्लेट आवडतं, मसुराची आमटी आवडते, आणि चुरो तर फारच आवडतात." बोलता बोलता माझंच वाक्य माझ्या कानांवर पडलं. आवडतं, आवडते, आवडतात. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलतच नव्हतं, पदार्थाप्रमाणे बदलत होतं. जे मी तक्ते करून पाठ करत होते, ते मला बोलायला लागल्यापासून येत होतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. 'येईन' म्हटलं की 'मी' वेगळं सांगावं लागत नाही, स्पॅनिशमध्येही नाही. त्यांचा त आपल्यासारखाच दातांना जीभ लावून येतो. मी मात्र ॲपवर रोमन अक्षरं वाचून 'टेंगो' म्हणत आले होते. 'तेंगो' म्हटलं तेव्हा बाईंनी मान वर करून पाहिलं. मराठी सगळीकडे उपयोगी पडली असं नाही. तो हात म्हणून मी 'एल मानो' म्हणायची, त्यांच्याकडे हात स्त्रीलिंगी. 'आहे'साठी सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. ती मात्र घासूनच शिकावी लागली.

एक घोळ सगळ्यात जास्त दिवस राहिला. स्पेनमध्ये बहुतेकांना दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. प्रवेशाच्या फॉर्मवरही 'पहिलं आडनाव, दुसरं आडनाव' असे दोन रकाने होते. मी पहिल्यात वडिलांचं नाव लिहिलं, दुसऱ्यात आडनाव. हजेरीत मला 'वसंत' म्हणून हाक यायची आणि मी 'हो' म्हणायची. चूक पहिल्याच दिवशी कळली होती, पण समजावून सांगायला शब्द नव्हते, म्हणून गप्प बसले. शेवटी प्रमाणपत्रावर तेच छापून आलं आणि पासपोर्टशी जुळेना.

कचेरीत जायच्या आदल्या रात्री काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. खिडकीपाशी गेल्यावर मात्र कागद पर्समध्येच ठेवला. आमच्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग घराण्याचं, असं सांगितलं. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "मग आईचं कुठे?" पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं होतं, ते दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न, "आणि लग्न झाल्यावर मधलं नाव बदलतं?" मला आईचं माहीत होतं, ते सांगायला घेतलं. भूतकाळाची दोन रूपं एकमेकांत मिसळली, त्यांनी एक सुधारून दिलं, आणि मागे रांग लागली होती तरी माझं सांगून होईपर्यंत थांबल्या. नवीन प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात मिळालं.