चेकवरची ही बाई कोण?

लग्नाला चार महिने झाले आणि एका ऑफिसनं माझ्या मानधनाचा चेक परस्पर नवऱ्याच्या आडनावानं काढला. लेख माझा, बायलाइन माझी, चेकवर मात्र भलतीच बाई! माझं बँक खातं माहेरच्या नावानंच आहे. नाव खोडून वर सही? रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या नियमानं तारीख सोडून काहीही बदललं, की नवाच चेक लागतो. त्यात २०१२ पासून चेकचं आयुष्य तीनच महिने.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, मॅरेज सर्टिफिकेट दे आणि खात्यावरचंच नाव बदल की!’’ सोपंय. पण मग पॅन, पासपोर्ट आणि सहा वर्षांच्या बायलाइन्सचं काय?

मी नवा चेक मागितलाय. तीन आठवडे लागतील म्हणे. घरभाडं डोक्यावर आहे, तरी थांबेन. लग्नात मी नाव बदललं नाही, चेकसाठी कशाला बदलू?