उत्तर आधी, प्रश्न नंतर

या ब्राझीलच्या गाण्याला नाव विचारलंत तरी ते कोडंच घालतं. ‘ओ की ए, ओ की ए?’ म्हणजे ‘काय ते, ओळखा पाहू!’ तिथली पोरं याच शब्दांनी एकमेकांना कोडी घालतात. गायक गोंझागिन्याने १९८२ साली त्याला लोकांत आणलं, आणि तेव्हापासून ते घरी बसायला तयार नाही.

त्याच्या पोटात काही राहत नाही. कोडं घालायच्या आधीच उत्तर सांगून मोकळं होतं. ठेका सुरू होण्यापूर्वी, संथ आवाजात म्हणतं की आपण बुवा लहान मुलांचं ऐकतो, आणि मुलांच्या मते आयुष्य सुंदर आहे.

विषय संपला म्हणावं, तर सांबाचा ठेका धरून जो भेटेल त्याला अडवतं: आयुष्य म्हणजे काय हो, दादा? कुणी सांगतं, काहीच नाही. कुणी म्हणतं, क्षणभराचा थेंब. कुणाला आयुष्य देवाचा श्वास वाटतं. एकीला तर प्रेमावाचून जगण्यापेक्षा मेलेलं बरं वाटतं. गाणं कुणाचंही तोंड धरत नाही. मात्र मरण मागणारीसाठीही ठेका थांबवत नाही. तिचं गाऱ्हाणंही नाचतच पुढे जातं.

भाबडं वाटलं ना? मग त्याच्या घराण्याची चौकशी करा. गोंझागिन्या हा ‘बायांव’ संगीताचा राजा लुईझ गोंझागा याचा मुलगा. आई तो लहान असतानाच क्षयाने गेली, वडील गावोगाव गात फिरत राहिले, आणि पोर रिओतल्या साऊं कार्लोस टेकडीवर धर्मपित्याच्या घरी वाढलं. पुढे लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने त्याची कितीतरी गाणी अडवली. सुरुवातीची गाणी इतकी कडवट, की लोकांनी त्याला ‘कांतोर रांकोर’, म्हणजे मनात डूख धरलेला गायक, असं नाव ठेवलं. असल्या बापाचं हे हसरं लेकरू. त्याचं हसू फुकटात आलेलं नाही.

गाणं थोडं गर्विष्ठही आहे. एकट्यादुकट्याच्या गळ्यात त्याचं मन रमत नाही. त्याला मैफल लागते, टाळ्या लागतात, टेबल बडवणारे हात लागतात. मधली कडवी लोक पुटपुटून ढकलतात, पण ध्रुवपद आलं की छप्पर उडतं. सुखी असण्याची लाज कसली, असं सगळे बेंबीच्या देठापासून विचारतात.

त्याच ध्रुवपदात गाण्याने एक कबुली सरकवून ठेवली आहे. आयुष्य याहून पुष्कळ चांगलं असायला हवं, आणि तसं ते होईलही. तोवर सुंदर म्हणायचं मात्र आम्ही सोडणार नाही. १९८२ साली सत्ता लष्कराकडेच होती, हे लक्षात घ्या. भर मैफलीत शेकडो लोक टाळ्या वाजवत म्हणत होते की हे असं चालायचं नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटत होतं, मंडळी किती खुशीत आहेत!